प्रकाशापेक्षा जास्त वेगाने प्रवास शक्य आहे का?

मी मूळचा बारामतीचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. गावाकडची पोरं हमखास विचारतात, "दादा, टूजीचं फाइव्हजी झालं, तसं यान पण एक दिवस प्रकाशाच्या पुढे जाणारच ना?" त्या मार्गाने तरी नाही. का, ते बघू.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किमी जातो. बारामती ते इंदापूर साधारण ५० किमी. एसटीला तास-सव्वा तास लागतो, प्रकाशाला सेकंदाचा सहा हजारावा भाग. पण सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं लांब आहे. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किमी पळतं, तरी त्या वेगाने तिथे पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील!

मग इंजिन मोठं करायचं? आइनस्टाइनचा १९०५ चा सिद्धांत इथेच आडवा येतो. वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ जाते तशी पुढच्या प्रत्येक थोड्याशा वाढीला आधीपेक्षा खूप जास्त ऊर्जा लागते. पूर्ण वेग गाठायला तर अनंत ऊर्जा. सर्नच्या एलएचसी यंत्रात प्रोटॉन ९९.९९९९९९ टक्क्यांपर्यंत जातात, १०० काही होत नाहीत. आणि सापेक्षता फक्त पुस्तकात आहे असं वाटत असेल, तर मोबाईलमधला मॅप उघडा. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे आपल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किमी जातो, म्हणजे दुरुस्ती नसती तर मॅपचं काय झालं असतं बघा.

आता गंमत. वेग ओलांडता येत नाही, पण एखादा कण जन्मापासूनच पलीकडे असेल तर? ई. सी. जी. सुदर्शन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९६२ मध्ये हाच प्रश्न मांडला. पुढे अशा कणाला 'टॅकिऑन' नाव पडलं. आपले कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर यांनीही सुदर्शन यांच्यासोबत टॅकिऑन आणि विश्वरचना यावर १९७६ मध्ये शोधनिबंध लिहिला. टॅकिऑनचं वागणं उलटं: ऊर्जा कमी झाली की तो जास्तच जोरात पळणार. त्याने मेसेज पाठवता आला, तर उत्तर प्रश्नाच्या आधी पोचू शकतं, हा मोठा घोळ. आजवर एकही सापडलेला नाही. २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे गेल्याची बातमी आली होती, पण मुख्य दोष नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचा निघाला. (आयटीवाल्यांना हे नवीन नाही.)

वार्प ड्राइव्हचं गणित मिगेल अल्क्युबिएरे यांनी १९९४ मध्ये मांडलं. यान जागच्या जागी, अवकाशच पुढे आकसतं आणि मागे पसरतं. कागदावर चालतं, पण त्याला ऋण ऊर्जा लागते, आणि एवढी ऋण ऊर्जा आणायची कुठून हे कुणालाच माहीत नाही.

माझ्या मते खरी मजा मर्यादेच्या आतच आहे. प्रकाशाच्या ९९.९९ टक्के वेगाने गेलात, तर तुमच्या घड्याळात प्रॉक्सिमा फक्त २२ दिवसांवर येतो (वेग वाढवायला-कमी करायला लागणारा वेळ सोडून). जाऊन-येऊन दीड महिना. तोवर इंदापुरात साडेआठ वर्षं झालेली असतील.