तालीम, भरती आणि बोहला

कुस्तीचा नाद लागलेल्या तरुणाच्या आयुष्यात अठरा ते अठ्ठावीस ही वर्षे सगळ्यात महागाची असतात. अंगात रग असते ती याच काळात, सरकारी भरतीचे वय निघून जाते ते याच काळात आणि घरचे स्थळे पाहू लागतात तेही याच काळात. आखाडा, नोकरी आणि लग्न ही तिन्ही एकाच दशकावर हक्क सांगतात. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत तालमी आहेत आणि यात्रा तर गावोगाव आहेत. त्यामुळे ही ओढाताण इथल्या अनेक घरांच्या परिचयाची आहे.

हगामा आणि तालीम

नादाची सुरुवात बहुधा गावच्या यात्रेत होते. पालखी, छबिना, तमाशा झाला की शेवटच्या दिवशी हगामा भरतो. कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला मैदान म्हणतात, त्याला नगर-नाशिककडचा शब्द हगामा. दुपारी हलगी कडाडली की आधी लहान पोरे रेवड्यांवर कुस्त्या धरतात. मग पंच वय आणि अंगलट पाहून जोड लावतात आणि इनाम चढत जाते. पाच-पन्नास रुपयांपासून सुरू झालेली बोली शेवटच्या कुस्तीला हजारांत आणि मोठ्या गावी लाखांत जाते. हा पैसा वर्गणीचा असतो. देणगीदाराचे नाव भोंग्यावर पुकारले जाते आणि कुस्ती त्याच्या हस्ते लागते. चितपट झाली की जिंकलेला गडी आखाड्याला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. ठरल्या वेळेत निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटतात. आठ-दहा वर्षांच्या पोराला रेवड्यांऐवजी पहिली नोट मिळाली, की तो तालमीत जायचा हट्ट धरतो.

तालमीतला दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणे, हौदा खणणे आणि मग लढती. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू आणि काव मिसळून ती मऊ ठेवतात. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळेत खाणे आणि झोप. बदाम घोटून केलेली थंडाई, दूध, तूप, अंडी, मटण हा खुराक वर्षानुवर्षे पुरवावा लागतो. शेतकरी घरात त्यासाठी एखादी म्हैस पोरासाठीच राखलेली असते आणि दुधाचे पैसे डेअरीतून येण्याऐवजी दूध पोराच्या पोटात जाते. वस्तादाचा दंडक लंगोटाचा. मल्ल लंगोटाचा पक्का हवा, म्हणजे कुस्ती चालू आहे तोवर बाईचा विचार नको. अनेक तालमींत लग्न झालेला पैलवान वस्तीला ठेवत नाहीत. प्रेमात पडलेला गडी वस्तादापासून जेवढे लपवतो, तेवढे घरच्यांपासूनही लपवत नाही.

गदेपर्यंतचा रस्ता

गावच्या हगाम्यातून पुढे जिल्हा निवड चाचणी आणि तिथून राज्य अधिवेशन. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला. खुल्या गटात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते अंतिम फेरीत भेटतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते.

अहिल्यानगरचे या किताबाशी जुने नाते आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरी यांनी आपली पहिली गदा २०१४ मध्ये नगरमध्येच उचलली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम फेरीतला त्याचा प्रतिस्पर्धी, लातूरचा शैलेश शेळके, हा पुण्यात काका पवार यांच्या तालमीतला त्याचा सोबती होता. निकाल लागल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेतले.

२०२५ मध्ये जिल्ह्यात दोन-दोन अधिवेशने झाली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शहरातल्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला आणि शिवराज राक्षे व महेंद्र गायकवाड या दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. त्यानंतर मार्चअखेरीस कर्जतला दुसरे अधिवेशन झाले आणि तिथे सोलापूरचा वेताळ शेळके विजयी ठरला. एकाच किताबाची दोन अधिवेशने होण्याचे कारण संघटनेतली फूट. प्रेक्षकाला दोन्ही कुस्त्या सारख्याच गोड लागतात. मल्लाचे तसे नाही. कोणत्या संघटनेचे प्रमाणपत्र सरकार मान्य करते, यावर त्याची नोकरी अवलंबून असते.

प्रमाणपत्राची किंमत

कुस्तीतून नोकरी मिळते ती मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट थेट नियुक्तीची. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळच्या महाराष्ट्र केसरींना राज्य सरकारने पोलीस उपअधीक्षक केले. चौधरी यांनी पुढे वर्दीत राहूनही कुस्ती चालू ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेग इथल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. पण ही वाट फार थोड्यांची. वर्षाला गदा एखाद-दुसरी आणि ती मिळाली म्हणजे पद मिळालेच असे नाही.

दुसरी वाट पाच टक्के क्रीडा आरक्षणाची. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी जागा राखीव असतात आणि कमाल वयातही पाच वर्षांची सवलत मिळते. वरच्या पदांसाठी राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कामगिरी लागते, खालच्या पदांसाठी राज्य पातळीवरचे यश पाहतात. मात्र नुसते प्रमाणपत्र चालत नाही. ते क्रीडा खात्याच्या उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. काही खेळांत बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचे उघडकीस आल्यापासून ही पडताळणी अधिकच काटेकोर झाली. हगाम्यात शंभर कुस्त्या मारलेल्या गड्याला इथे काहीच मिळत नाही, कारण यात्रेतल्या कुस्तीचा कागद कुठल्याच यादीत बसत नाही. इनामाची रोकड त्या रात्रीची असते. उलट वजनगटात राज्य स्पर्धेला तिसरा आलेला, ज्याचे नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही, तो वर्दी चढवतो.

तिसरी वाट सर्वसाधारण पोलीस भरतीची. इथे पैलवानाचे अंगच आडवे येते. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. त्यात गोळाफेक त्याच्या हातचा मळ, पण सोळाशे मीटर धावण्याला सर्वाधिक, म्हणजे वीस गुण आहेत आणि ते पुरते मिळवायला पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत यावे लागते. शंभर किलोंचा गडी तिथे धापा टाकतो. त्यानंतर शंभर गुणांची लेखी परीक्षा असते आणि ती देणाऱ्याची अकरावी-बारावी तालमीत गेलेली असते. म्हणून वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुष्कळ मल्ल खुराक कमी करून, वजन उतरवून अकादमीत अंकगणित आणि सामान्य ज्ञान घोकताना दिसतात. सैन्याकडे जाणाऱ्यांना वेळ आणखी कमी. अग्निवीर योजनेत भरती होताना आणि चार वर्षांच्या सेवाकाळात अविवाहित राहण्याची अट आहे.

नोकरी लागली म्हणजे मानही लागतो असे नाही, हे या खेळाने फार पूर्वी पाहिले. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले आणि त्याच पदावर वर्षानुवर्षे बढतीची वाट पाहत राहिले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो निधनानंतर.

पैलवान आणि स्थळ

एके काळी गावात पैलवान जावई म्हणजे भूषण होते. आता पोरीचा बाप पहिला प्रश्न विचारतो तो नोकरीचा, दुसरा पुण्यातल्या घराचा आणि तिसरा जमिनीचा. मुलाने शेती करू नये, पण शेती असावी, अशी अपेक्षा असते. पैलवानाच्या बायोडाट्यात किताब आणि चषक भरपूर असतात, पगाराचा रकाना रिकामा असतो.

त्यात मुलींची संख्याच कमी. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ८५२ पर्यंत घसरले. पहिल्या गणनेतली मुले आज पंचविशी-तिशीत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयात आहेत. दुसऱ्या गणनेतल्यांची पाळी आता येत आहे, आणि त्यांच्यासाठी स्थळ मिळणे आणखी अवघड असणार आहे. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तो याच कारणाने. दलालाला पैसे देऊन परजिल्ह्यातून मुलगी आणायची आणि चार दिवसांत ती दागिन्यांसह पसार व्हायची, अशा फसवणुकीचे गुन्हेही ग्रामीण महाराष्ट्रात नोंदले जातात.

तालमीच्या वातावरणातच जुळलेल्या लग्नांचीही उदाहरणे आहेत. अहिल्यानगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा काका पवार यांचा शिष्य. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, पोलीस उपअधीक्षकपद मिळवले आणि गुरूच्याच मुलीशी लग्न केले. हरियाणात साक्षी मलिक आणि सत्यव्रत कादियान, संगीता फोगाट आणि बजरंग पुनिया अशी दोघेही मल्ल असलेली जोडपी आहेत. पहाटेचे उठणे, वजनाची काळजी, दुखापत आणि हरल्यानंतरचा अबोला हे सगळे अशा घरात समजावून सांगावे लागत नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न उलटा येतो. श्रीगोंदे तालुक्यातली भाग्यश्री फंड २०२५ च्या सुरुवातीला महिला महाराष्ट्र केसरी झाली. ही महिलांची स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा भरली आणि तिथे प्रतीक्षा बागडीने किताब जिंकला. मुलाला लग्नासाठी नोकरी लागते. कुस्तीगीर मुलीच्या घरी मात्र नोकरी लागण्याआधीच स्थळे येऊ लागतात आणि ‘लग्नानंतर खेळू देणार का’ हे विचारायचे धाडस बापाला करावे लागते. पोलीस किंवा क्रीडा खात्यातली नोकरी हातात असेल तर हा प्रश्न ती स्वतः विचारू शकते.

आखाड्याच्या कडेला

प्रत्येक मल्लामागे शेकडो शौकीन असतात. त्यांना लंगोट कधी लागलेला नसतो, पण कोणत्या गड्याचा कोणता डाव चालतो, हे पाठ असते. शंभर किलोमीटरवरचा हगामा पाहायला ते मोटारसायकलवर जातात आणि पहाटे परततात. अशांसाठीही कुस्तीत कामे आहेत. निवेदक हे त्यातले सर्वांत मानाचे. शंकर पुजारी यांनी मैदानावरच्या निवेदनाला स्वतंत्र ओळख मिळवून दिली आणि आता मोठ्या हगाम्याला निवेदक ठरवल्याशिवाय पत्रिका छापली जात नाही. पंचगिरीसाठी संघटनेची परीक्षा असते. हलगीवादकांना यात्रेच्या हंगामात उसंत नसते. मोबाइल आणि कॅमेरा घेऊन कुस्त्या थेट दाखवणाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झाला आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका घेतली तर शाळेत किंवा अकादमीत जागा मिळू शकते. यात्रेचा हंगाम मात्र साधारण चैत्राच्या आगेमागेच असतो. बाकीचे महिने निवेदकालाही शेती, दुकान किंवा दूधधंदा सांभाळावा लागतो.

जाणते वस्ताद आता पोराला तालमीत घेतानाच घरच्यांना काही गोष्टी बजावतात. दहावी-बारावी सुटता कामा नये. हगाम्याच्या इनामासाठी वजनगटाची निवड चाचणी चुकवू नये. प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी वेळीच करून घ्यावी. आणि तेविसाव्या वर्षापर्यंत राज्य पातळीवर नाव आले नाही, तर त्याच वर्षी धावायला आणि लेखी परीक्षेच्या अभ्यासाला लागावे. कुस्ती त्यानंतरही करता येते, भरतीचे वय मात्र परत येत नाही.