तीन सूर्यांचा शेजारी ग्रह

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास कोकण किनाऱ्यावरून आपण दक्षिणेला पाहिले, तर क्षितिजाजवळ दोन ठळक तारे दिसतात. डावीकडचा तो मित्र. जगभर त्याला रिजिल केंटॉरस म्हणतात. ‘रिजिल’ हा अरबी ‘रिज्ल’, म्हणजे पाय. नरतुरंगाचा पाय!

डोळ्यांना एक दिसणारा मित्र खरे तर दोन तारे आहेत. त्यांचा तिसरा भाऊ प्रॉक्झिमा इतका मंद, की दुर्बिणीशिवाय दिसत नाही. पण सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच, ४.२४ प्रकाशवर्षांवर. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला, प्रॉक्झिमा बी.

तीन सूर्य, मग तिथे रात्रच होत नसेल, असे घरातली मुले म्हणतील. तसे नाही. ते दोन तारे ग्रहापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३,००० पट लांब आहेत. तिथून ते आपल्या शुक्राहून तेजस्वी चांदण्या दिसतील, एवढेच. त्याचा खरा सूर्य प्रॉक्झिमा, अवघ्या ७५ लाख किलोमीटरवर. वर्ष ११ दिवसांचे. ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते. तिकडे अखंड दिवस, मागे अखंड रात्र.

पाणी द्रवरूपात राहील, असे हे अंतर आहे. पण त्यासाठी हवा हवी. प्रॉक्झिमा मोठा तापट. त्याच्यावर प्रचंड भडके उडतात आणि घातक किरण ग्रहावर आदळतात. त्या माऱ्यात हवा टिकली का, हा प्रश्न आम्हाला तीन सूर्यांच्या नवलाईपेक्षा मोठा वाटतो. चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. खगोलशास्त्रज्ञांची भिस्त आता तिच्यावर आहे.