जुना पेडेस्टल ग्राइंडर देण्यापूर्वी

1953 मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान मशीन टूल्स सुरू झाली. या यंत्रनगरीतल्या वर्कशॉपमध्ये जुनी, जड यंत्रे आजही सापडतात. कॉलेजातला असा ग्राइंडर एखाद्या आयटीआयला देताना आपण बेअरिंग बदलतो, रंग देतो. पण मुख्य तपासणी मोटरच्या नेमप्लेटची असते.

उदाहरण पाहू. चाकाचा व्यास 300 मिमी, मूळ मोटर 1440 आरपीएमची. परिघीय वेग v = πDN/60.
v = 3.14 × 0.3 × 1440 / 60 = सुमारे 22.6 मी/से.

मोटर जळाली म्हणून कोणी तेवढ्याच हॉर्सपॉवरची, पण 2880 आरपीएमची मोटर बसवली, तर वेग 45.2 मी/से होतो. चाकावर मर्यादा 35 मी/से छापलेली असेल, तर ती ओलांडली गेली. शिवाय फिरण्यामुळे चाकात येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट, ताण चौपट. चाक फुटले तर समोर उभा असतो विद्यार्थी.

देण्यापूर्वी एवढे करा:
1. चाकावरची आरपीएम मर्यादा नेमप्लेटशी ताडून पाहा.
2. व्हिट्रिफाइड चाक कोरडे करून टांगा व लाकडी मुठीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे तडा, चाक बाद.
3. टूल रेस्ट व चाक यांत 3 मिमीपेक्षा जास्त फट नको.
4. गार्ड बसवूनच, बाजूला उभे राहून मशीन रिकामे चालवून पाहा.

गार्ड नसेल तर ग्राइंडर देऊ नका. आधी गार्ड करून घ्या.