घरी कुत्री व्याली, तर मुलांना काय दाखवावं, काय समजावावं?



घरच्या कुत्रीला पिल्लं झाली, ही बातमी एखाद्या मुलाने वर्गात आणली की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "बघायला कधी येऊ?" मुलांना पिल्लं उचलून घ्यावीशी वाटणारच. पण नुसतं "हात लावू नको" म्हटलं, तर मूल लपूनछपून हात लावतं. त्यामागचं कारण कळलं, की तेच मूल पिल्लांची राखण करतं. म्हणून आधी आपल्याला ही कारणं नीट माहीत हवीत.

व्यायच्या आधी

कुत्री साधारण 63 दिवस गाभण असते. चार-पाच दिवस मागेपुढे होतात. शेवटच्या आठवड्यात घरातल्या शांत कोपऱ्यात जुनी चादर घातलेलं मोठं खोकं ठेवावं. म्हणजे तिला त्या जागेची सवय होते. कुत्रीच्या अंगाचं तापमान एरवी साधारण 38.5 अंश सेल्सिअस असतं. ते 37.2 च्या खाली आलं, की बहुधा 24 तासांत ती विते. तेव्हा ती खाणं सोडते, धापा टाकते, चादर उकरत राहते.

वितानाची वेळ

या वेळी जवळ तिच्या ओळखीचं एकच मोठं माणूस असावं. मुलांनी लांबून, आवाज न करता बघायचं. गर्दी झाली की कुत्री बिथरते, कळा थांबूही शकतात. पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळलेलं बाहेर येतं. आई ती पिशवी फाडते, नाळ तोडते आणि पिल्लाला जोरजोरात चाटते. मुलांना ती नुसती माया वाटते. पण त्या चाटण्यानेच पिल्लाचा श्वास सुरू व्हायला मदत होते. आईने पिशवी लगेच फाडली नाही, तर जवळच्या माणसाने ती फाडावी, पिल्लाचं नाक-तोंड पुसावं आणि स्वच्छ फडक्याने अंग चोळावं.

दोन पिल्लांमध्ये साधारण अर्धा-पाऊण तास जातो; कधी त्याहून जास्तही. पण अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, पोटात पिल्लं असताना दोन तासांहून जास्त वेळ गेला किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट बघू नका. पशुवैद्यकांना लगेच फोन करा. तो नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

डोळे मिटलेले का?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. इथे गाईशी तुलना करून दाखवा. गाय नऊ महिन्यांहून थोडी जास्त गाभण असते, म्हणून वासरू तास-दोन तासांत उभं राहतं. कुत्रीचे जेमतेम दोन महिने. त्यामुळे पिल्लांची उरलेली वाढ बाहेर आल्यावर होते. डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तोवर वास आणि ऊब, एवढ्यावरच पिल्लू आईला शोधतं.

त्याला स्वतःचं अंगही गरम ठेवता येत नाही. गार पडलेलं पिल्लू दूध पीत नाही, आणि पाजलं तरी त्याला ते पचत नाही. हात न लावण्याचं खरं कारण हे आहे. शिवाय एरवी गरीब असलेली कुत्रीही पिल्लांपाशी कुणी आलं तर चावू शकते.

पहिल्या दिवसाचं दूध म्हणजे चीक. मुलांना खरवस माहीत असतो, त्यामुळे हा शब्द पटकन कळतो. रोगांशी लढण्याची शक्ती पिल्लांना या चिकातून मिळते, म्हणून पहिल्या 24 तासांत प्रत्येक पिल्लाने तो प्यायलाच हवा.

आईकडेही लक्ष हवं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ती थरथरू लागली, पाय ताठरले, तर रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. तेव्हा ताबडतोब डॉक्टर गाठावेत.

वहीतला अभ्यास

घरातल्या मोठ्या माणसाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज पिल्लांचं वजन करावं, मुलाने ते वहीत लिहावं. निरोगी पिल्लाचं वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. एखाद्याचं वजन वाढत नसेल, तर ते आधी या वहीतूनच कळतं. मोजमाप, आलेख, निरीक्षण सगळं त्यात आलं. विणे, वेत, वार, नाळ, सड हे शब्दही याच निमित्ताने मुलांच्या बोलण्यात येतात.

अवघड प्रश्न

एखादं पिल्लू दगावतं. तेव्हा "देवाघरी गेलं" किंवा "झोपलंय" म्हणण्यापेक्षा "ते मेलं, फार अशक्त होतं" असं सरळ सांगावं. मुलाला रडू द्यावं. आपण समजतो त्यापेक्षा मुलं खरं जास्त पेलतात.

दुसरा प्रश्न, पिल्लांचं पुढे काय? निदान आठ आठवडे ती आईजवळच राहायला हवीत. जंतांचं औषध आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होणारं लसीकरण डॉक्टरांच्या सल्ल्याने करावं. माद्या नकोत म्हणून त्यांना बाजारात किंवा हमरस्त्यावर सोडून येणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, आणि मुलं ते बघत असतात. प्रत्येक पिल्लासाठी घर शोधणं आणि आईचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेणं, हे निर्णय मुलांसमोर घ्या. जीव घरात आणला की त्याची जबाबदारी घ्यावी लागते, हे मूल आपल्याकडे बघूनच शिकतं.