चुकलेला कागद

बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. कुंड भरले म्हणजे काळ्या पाषाणाभोवती पाण्यावर उन्हाचे कवडसे हलू लागतात. हे दृश्य रेखाटताना विद्यार्थी पाणी जलरंगाने रंगवितो आणि कवडसे नाहीसे होतात. कागदाचा झाकला गेलेला पांढरेपणा परत मिळविणे अतिशय कठीण असते.

अशा वेळी मिश्र माध्यम उपयोगी पडते. एकाच चित्रात निरनिराळ्या जातींची रंगद्रव्ये वापरणे म्हणजे मिश्र माध्यम होय. कवडशांच्या जागी पांढऱ्या मेणखडूने रेघा ओढून त्यांवरून निळा जलरंग फिरविला, की मेण पाण्याला दूर सारते आणि रेघा शुभ्र राहतात.

परंतु पहिल्याच प्रयत्नात हे साधेल असे नाही. कागद ओला असताना खडू फिरविला, तर मेण त्याला धरत नाही व कागदाचा पृष्ठभाग खरवडला जातो. रंग फार दाट झाला, तर तो मेणावरही बसतो व वाळल्यावर त्याचे पोपडे सुटतात. कागद पातळ असला, तर त्याचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि त्यावर लाटा उठतात.

या चुका म्हणजे विद्यार्थ्याचे अपयश नव्हे. मेण, पाणी व कागद यांचे स्वभाव त्यांतूनच कळतात. म्हणून चुकलेला कागद फाडून न टाकता त्याच्या पाठीवर कागदाची जाडी, रंगात घातलेले पाणी आणि कामाचा क्रम लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस त्यांपैकी एकच गोष्ट बदलावी. म्हणजे चुकीचे खरे कारण हाती लागते.

मात्र चूक कोठे करावी, यालाही महत्त्व आहे. मराठवाड्यातीलच अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनी खडकावर मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग भरले. एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला करताना ती उजळ दिसावीत म्हणून, आणि पुढे १९२० नंतर ती टिकावीत म्हणून, त्यांवर रोगण व लाख यांचे लेप देण्यात आले. हेतू चांगला होता. पण कालांतराने लेप पिवळे पडून काळवंडले व मूळ रंग मंदावले. ते लेप दूर करण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अत्यंत जपून काम करावे लागले.

जे पुन्हा निर्माण करता येत नाही, त्यावर पहिला प्रयोग करू नये. रद्दी कागदाच्या तुकड्यावर झालेली चूक गुरू ठरते. तीच मूळ चित्रावर झाली, तर हानी होते. कंकालेश्वराचे चित्र काढणाऱ्याने प्रथम तळहाताएवढ्या कागदावर मेण व पाणी यांची परीक्षा घ्यावी, आणि मगच मोठा कागद फळ्यावर लावावा.