हौस आणि पेशा यांमधले बावीस यार्ड

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी वहीपूजनाच्या निमित्ताने नगरच्या कापड बाजारातील एका परिचित पेढीवर गेलो होतो. पूजा आटोपली, पेढे वाटून झाले आणि शेठजींनी मला मागच्या खोलीत बोलावून घेतले. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे निवृत्तीनंतरही अशा खोल्यांत बोलावणे येते, त्याचे मला नवल वाटत नाही. बहुधा कर्ज, वारसनोंद किंवा ठेव यांपैकी एक विषय असतो. या वेळी ठेवीचा होता.

“साहेब, एक एफडी मोडायची आहे. तुमचे मत हवे.”

ठेव नातवाच्या शिक्षणासाठी राखलेली होती. नातू सोळा वर्षांचा, अकरावी वाणिज्य शाखेत शिकणारा. समाजाच्या क्रिकेट स्पर्धेत त्याने तीन सामन्यांत दोन अर्धशतके काढली होती आणि मालिकावीराचा चषक पेढीतल्या काचेच्या कपाटात विराजमान झाला होता. आता त्याला कॉलेज सोडून पुण्यातील एका निवासी अकादमीत जायचे होते. वडिलांचा विरोध होता, आईचे मन दोलायमान होते आणि निर्णय आजोबांवर येऊन थांबला होता. मुलगा दाराशी उभा होता. त्याच्या डोळ्यांत जी आशा होती, तिच्याकडे पाहून ‘नाही’ म्हणणे कठीण होते. परंतु ‘हो’ म्हणणे त्याहूनही जोखमीचे होते.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच येथे मांडत आहे. कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

चव्वेचाळीस विरुद्ध सहा

प्रथम दूरचे एक उदाहरण. अमेरिकेतील एनबीए ही बास्केटबॉलची जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात ब्रायन स्कॅलाब्रिनी नावाचा एक खेळाडू अकरा हंगाम खेळला. त्याची कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे जेमतेम तीन गुणांची. बहुतेक वेळ तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला असे आणि प्रेक्षक त्याची प्रेमाने थट्टा करीत. “याच्यापेक्षा आम्ही बरे खेळू,” असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, बोस्टनमधील एका रेडिओ केंद्राच्या पुढाकाराने त्याने अशा चार हौशी खेळाडूंशी एकास एक असे सामने खेळले. हे चौघे नवशिके नव्हते. आपापल्या वर्तुळात ते चांगले खेळाडू म्हणून ओळखले जात. चारही सामन्यांची बेरीज झाली स्कॅलाब्रिनी ४४, प्रतिस्पर्धी ६.

यावर त्याचे म्हणणे असे की, जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि मी यांच्यात जेवढे अंतर आहे, त्यापेक्षा माझ्यात आणि तुमच्यात अधिक अंतर आहे. हे वाक्य गर्वाचे वाटेल; पण मला ते ताळेबंदासारखे वाटते. आपण प्रेक्षागृहातून पाहतो तेव्हा व्यावसायिकांतील सर्वांत दुबळा खेळाडू आपल्याला सामान्य भासतो, कारण त्याच्या शेजारी जगातील सर्वोत्तम खेळाडू उभे असतात. तो तेथपर्यंत येताना किती हजारांना मागे टाकून आला, हे दूरदर्शनच्या पडद्यावर दिसत नाही.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

आता आपल्या क्रिकेटकडे येऊ. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर. गोलंदाज चेंडू सोडतो तेथून फलंदाजाच्या रेषेपर्यंतचे अंतर साधारण १७.७ मीटर भरते. टेनिस चेंडूच्या स्पर्धेतील गोलंदाजाचा वेग ताशी ९० किलोमीटर धरला, तर चेंडू पोहोचायला सुमारे ०.७ सेकंद लागतात. व्यावसायिक वेगवान गोलंदाजाचा वेग ताशी १४० किलोमीटर धरला, तर हाच काळ ०.४५ सेकंदांवर येतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. ते वजा केले, तर हौशी फलंदाजाला निर्णय आणि फटका यांसाठी अर्धा सेकंद मिळतो. व्यावसायिकाला केवळ पाव. तेवढ्यात चेंडूची टप्प्याची जागा ओळखायची, पाय हलवायचा आणि बॅटही फिरवायची.

मग व्यावसायिक फलंदाजाचे डोळे आपल्यापेक्षा जलद असतात काय? फारसे नाहीत. साध्या प्रतिसादाच्या चाचणीत त्याच्यात आणि आपल्यात मोठा फरक दिसत नाही. फरक असतो तो वाचनाचा. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच गोलंदाजाचे मनगट, खांदा, शेवटचे पाऊल यांवरून तो पुढे काय येणार याचा अदमास बांधतो. आपण चेंडू पाहून खेळतो. तो गोलंदाज पाहून खेळतो. हे वाचन हजारो चेंडू खेळूनच येते, आणि तेही ज्या दर्जाची गोलंदाजी पुढे खेळायची आहे त्याच दर्जाच्या गोलंदाजीसमोर.

शिवाय चेंडूही निराळा. टेनिस चेंडूचे वजन साठ ग्रॅमच्या आत. क्रिकेटचा चामडी चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट वजन, त्यावर उभी शिवण, आणि मनात इजेचे भय. एकात मिळवलेले यश दुसऱ्यात जसेच्या तसे जमा होत नाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्या शाखांतर्गत संघात मी सलामीला खेळत असे आणि स्वतःला बरा फलंदाज समजत असे. एकदा सरावाच्या जाळीत, खेळाडूंच्या राखीव जागेवर भरती झालेल्या एका सहकाऱ्याचे सहा चेंडू मी खेळलो. तो रणजी सामने खेळून आलेला होता आणि दुखापतीनंतर अर्ध्या जोराने गोलंदाजी करीत होता. सहापैकी एक चेंडू बॅटला लागला, तोही माझ्या इच्छेविरुद्ध. बाकीचे मला ऐकू आले, दिसले नाहीत. त्या संध्याकाळी तो सहजपणे म्हणाला, “भाऊ, तुम्ही वाईट खेळत नाही. तुम्ही निराळा खेळ खेळता.”

श्रीरामपूरहून वानखेडेपर्यंत

हे अंतर ओलांडता येत नाही, असे मात्र नाही. आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरमध्ये ७ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेला झहीर खान हा त्याचा पुरावा आहे. अभियांत्रिकीची वाट सोडून तो वडिलांबरोबर मुंबईला गेला. तेथील नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या देखरेखीखाली खेळला, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला आणि प्रथम श्रेणीचे पहिले पाऊल त्याने बडोद्याच्या संघातून टाकले. २००० मध्ये तो भारतासाठी खेळू लागला. श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा: प्रत्येक ठिकाणी त्याला आधीपेक्षा कठीण प्रतिस्पर्धी भेटले, आणि प्रत्येक ठिकाणी तो त्यांच्यात टिकला. गावातील कौतुकावर त्याने आपली किंमत ठरवली नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती नंतरची कथा. २००३ च्या विश्वचषकात अठरा बळी घेणाऱ्या या गोलंदाजाच्या अंतिम सामन्यातील पहिल्याच षटकात पंधरा धावा गेल्या. पुढे दुखापती आल्या, संघातील स्थान गेले. २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन परतला. धाव आखूड केली, वेगापेक्षा नियंत्रणावर भर दिला. बोटांच्या पेरांवर चेंडू धरून टाकायचा फसवा संथ चेंडूही त्याने आत्मसात केला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा आणि एक बळी अशी नोंद झाली. त्या स्पर्धेत त्याचे एकवीस बळी होते. निवृत्त होताना कसोटीत ३११ बळी त्याच्या नावावर जमा होते.

२००३ चा झहीर आणि २०११ चा झहीर यांतील अंतर हे हौशी आणि व्यावसायिक यांतील अंतर नव्हते. तो दोन्ही वेळा व्यावसायिकच होता. पण शिखरावर पोहोचलेल्यालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, हे त्यातून दिसते. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि लहानपणापासून लोकलच्या गर्दीतून सरावाला जात राहिला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपल्यानंतर मेलबर्नला कर्णधार म्हणून त्याने ११२ धावा काढल्या. त्या शतकामागे लोकलमधली ती सारी वर्षे होती.

जागांचाही हिशेब करावा. रणजी करंडकात ३८ संघ. प्रत्येकी पंधरा खेळाडू धरले तर साधारण ५७० जागा, साऱ्या देशासाठी. आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकी कमाल पंचवीस, म्हणजे २५० जागा आणि त्यांतील ऐंशीपर्यंत परदेशी खेळाडूंना. या जागा दर वर्षी रिकाम्या होत नाहीत. कर्ज मंजूर करताना आम्ही परतफेडीची शक्यता पाहत असू. येथे ती पाहणे म्हणजे मुलाचा उत्साह मोडणे नव्हे.

पेढीवरचा पेशा

आठ दिवसांनी पुन्हा पेढीवर गेलो, तेव्हा शेठजी एका घाऊक विक्रेत्याचा माल पाहत होते. त्यांनी कापडाचा कोपरा अंगठा आणि बोट यांमध्ये क्षणभर चोळला आणि म्हणाले, “सुती सांगता आहात, पण यात मिसळ आहे.” विक्रेत्याने मान खाली घातली. मी नातवाला विचारले, “तुला कळले असते?” तो हसून म्हणाला, “नाही, आजोबा. मला दोन्ही सारखीच लागतात.”

“तुझ्या दादाजींना हे किती वर्षांनी कळू लागले?”

उत्तर शेठजींनीच दिले. “पंधराव्या वर्षी गादीवर बसलो. पहिली पाच वर्षे वडील मला खरेदीला नेत, पण बोलू देत नसत.”

आपल्या व्यापारात हे आपल्याला पूर्णपणे मान्य असते. चार साड्या विकत घेतलेला माणूस कापडाचा व्यापारी होत नाही, हे आपण जाणतो. बँकेतही नोट हाताला लागताच खोटी ओळखणारा रोखपाल वर्षानुवर्षे गल्ल्यावर बसून तयार होतो. मैदानाच्या बाबतीत मात्र एका चषकावरून आपण निर्णय करायला निघतो, किंवा उलट टोकाला जाऊन ‘खेळून कुणाचे भले झाले’ म्हणून दार लावून घेतो. दोन्हींत मोजमाप राहून जाते.

म्हणून मी एवढेच सुचवले, की ठेव मोडण्यापूर्वी मुलाला अंतर मोजू द्यावे. पुण्यात ओळखीतून एका सरावकेंद्रात त्याला एक सकाळ खेळायला मिळाली. समोरचा गोलंदाज नामांकित नव्हता. राज्याच्या एकोणीस वर्षांखालील संघाच्या निवडचाचणीतून दोनदा परत आलेला होता. त्याने अठरा चेंडू टाकले. चार बॅटला लागले. एक बरगडीवर बसला.

परतीच्या एस.टी.त मुलगा शिरूरपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, शेवटचे तीन चेंडू मला थोडे दिसले.”

या एका वाक्यावर मी माझे मत बदलले. तोपर्यंत मी ‘नाही’ म्हणण्याच्या तयारीत होतो. चार चेंडू लागले, असे सांगून त्याला बढाई मारता आली असती, किंवा गोलंदाजाला, खेळपट्टीला दोष देता आला असता. त्याने नेमकी जमा-नावे मांडली होती.

ठरले ते असे. ठेव मोडायची नाही. तिचे व्याज मात्र दर तिमाहीला सरावासाठी वापरायचे. निवासी अकादमी नाही. नगरमध्येच चामडी चेंडूचा सराव आणि बारावी पूर्ण करणे. मुदत दोन वर्षांची. प्रत्येक सहा महिन्यांनी पुण्याच्या त्याच जाळीत अठरा चेंडू खेळायचे आणि लागलेले चेंडू वहीत लिहायचे. ती वही शेठजींनी स्वतः दिली, पेढीवरचीच, लाल कापडी बांधणीची.

पहिल्या पानावर ‘४’ लिहिलेले आहे. मे महिन्यातील नोंद ‘७’ अशी आहे. सात म्हणजे अजून काहीच नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरीही सकाळी साडेपाचला त्याची सायकल आमच्या गल्लीतून जाते, तेव्हा मी जागा असतो.