पिशवीचं ऑपरेशन ठरलं? तयारी घरापासून करू या

रेडिओवरच्या आपल्या आरोग्याच्या गप्पांमध्ये यावेळी विषय घेतला आहे ठरवून केलेल्या ऑपरेशनचा. अपघात झाला, बाळंतपणात अडलं, तर विचार करायला वेळ नसतो. पण पिशवीचं, हर्नियाचं, पित्ताच्या खड्यांचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा तारीख घेऊन होतं. म्हणजे हातात पंधरा दिवस, महिना असतो. त्या दिवसांत काय करायचं, ते आज पाहू. गटांच्या बैठकांमध्ये आम्हांला सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल. म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. बाकीच्या ऑपरेशनांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी विचारा: खरंच गरज आहे का?

तयारीची सुरुवात पिशवी भरण्यापासून नाही, प्रश्न विचारण्यापासून होते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. हा आकडा आपण विसरायचा नाही.

अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावरून पिशवी काढायची नसते. "सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं कुणी म्हटलं, तर घाबरून लगेच हो म्हणू नका. कॅन्सरची शंका तपासून पाहता येते. मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, कॅन्सर अशा कारणांसाठी मात्र हे ऑपरेशन गरजेचं ठरू शकतं, आणि मग ते टाळणंही चुकीचं. म्हणून डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा:

१. माझा आजार नेमका कोणता? कागदावर लिहून द्या.
२. गोळ्यांनी, औषध असलेल्या तांबीने किंवा फक्त गाठ काढून भागेल का?
३. थोडं थांबलं तर काय होईल?
४. पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का? का?
५. पोटावर चिरा देणार, दुर्बिणीने करणार की खालून?

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो. अंगातून वाफा येतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. तरुण वयात तर याची किंमत जास्तच मोजावी लागते. मनात शंका असेल, तर कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. पोट आपलं आहे.

रक्त, मिशरी आणि गोळ्या

ऑपरेशन ठरलं की रक्त तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. आपल्यातल्या अनेकींचं त्याच्या बरंच खाली असतं, आणि अंगावरून जास्त जात असेल तर आणखी खाली. तारखेला महिना असेल तर तो महिना कामी लावा. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या रोज घ्या. त्या लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका. रक्त चढवावं लागलं तर ते कुठून मिळणार, घरच्यांना द्यावं लागेल का, हे आधीच विचारून ठेवा.

मिशरी, तंबाखू, गुटखा ज्या दिवशी ऑपरेशन ठरलं त्या दिवशीच सोडा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. नंतर पुन्हा सुरू केली नाही, तर एका खर्चात दोन कामं होतील.

घरात ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बीपी, साखर, थायरॉइड, दमा, फिट, रक्त पातळ करणारी गोळी, वैदूचं चूर्ण, सगळं सांगा. कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे त्यांना ठरवू द्या. एखाद्या औषधाने आधी अंगावर गांधी उठल्या असतील, पूर्वी भूल देताना त्रास झाला असेल, दात हलत असेल, कवळी असेल, तेही सांगा. पाळीची तारीख लपवू नका. दिवस राहिल्याची जराही शंका असेल तर आधी तपासणी करून घ्या.

पैसा आणि कागद

कर्ज काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कोणत्या रुग्णालयात होतं, हे त्यांना विचारा. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली आहेत. आणि एक लक्षात ठेवा, योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. आधी पैसे भरू, मग योजनेतून मागू, असं होत नाही. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

बायकांचं काम अडतं ते नावावर. रेशनकार्डावर सासरचं नाव चढलेलं नसतं, आधारवर माहेरचं आडनाव तसंच असतं. तारीख घेतल्याबरोबर दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर लगेच दुरुस्तीला द्या. सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, जुनी चिठ्ठी हे सगळं एकाच फायलीत ठेवा.

संमतीचा कागद मराठीत वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा. काय काढणार हे त्यावर लिहिलेलं असतं. न वाचता अंगठा नको आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

आदल्या दिवशी

कधीपासून उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील. साधारण जेवण किमान सहा तास आधी बंद करतात, तेलकट आणि जड जेवण त्याहूनही आधी. पाणी कधीपर्यंत चालेल तेही विचारा. भुलेमध्ये पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. "सकाळी नुसता अर्धा कप चहा घेतला, त्याने काय होतंय?" असं म्हणू नका. चुकून काही खाल्लं असेल तर खरं सांगा. फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

अंघोळ स्वच्छ करा. केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक चिरा पडून जंतू शिरतात. नखांचा रंग काढा. बांगड्या, जोडवी, नथ, मंगळसूत्र घरीच विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. मंगळसूत्र काढताना मनाला लागतं, हे आम्हांला कळतं. पण ऑपरेशनच्या खोलीत विजेवर चालणारी उपकरणं असतात, धातूमुळे भाजण्याचा धोका असतो. सासूबाईंना हे कारण आधीच समजावून सांगा, म्हणजे ऐन वेळी दारात वाद होणार नाही.

सोबत दोन सैल गाउन घ्या. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते. पॅड किंवा सुती घड्या, टॉवेल, चप्पल, पेला, ताट, फोनचा चार्जर आणि कागदांची फाईल एवढं पुरे.

ऑपरेशन झाल्यावर

डॉक्टर सांगतील तेव्हा उठा आणि धरून धरून चाला, बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी. पडल्यापडल्याही पावलं वर-खाली हलवा, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा.

"टाके आहेत, डाळ खाऊ नको, दूध पिऊ नको, पू होईल" असं बायाच बायांना सांगतात. उलट जखम भरायला डाळ, दूध, अंडी, कडधान्यंच लागतात. डॉक्टरांनी सुरुवातीचे एक-दोन दिवस पातळ खायला सांगितलं, तर तेवढं पाळा.

काढलेली पिशवी तपासणीला पाठवली जाते का ते विचारा आणि तो अहवाल मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड जन्मभर जपा.

ताप आला, टाक्यांतून पू किंवा घाण वास आला, रक्त जास्त जायला लागलं, लघवी अडली, एक पाय सुजून दुखायला लागला, तर लगेच दवाखाना गाठा. छातीत दुखलं, दम लागला, तर १०८ ला फोन करा.

सहा आठवडे आणि आपला गट

आता शेवटचं, पण सगळ्यांत अवघड. पोटावर चिरा देऊन ऑपरेशन झालं असेल, तर साधारण सहा आठवडे पाण्याचा हंडा, गवताचा भारा, धान्याचं पोतं उचलायचं नाही. नवराबायकोचा संबंधही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. हे नवऱ्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. वरून जखम भरलेली दिसते, पण आतले टाके अजून कच्चे असतात. आठव्या दिवशी हंडा उचलला की वर्षभराने हर्निया घेऊन पुन्हा तोच दवाखाना.

"मी झोपले तर घर कसं चालेल?" हा प्रश्न प्रत्येकीचा असतो. त्याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी शोधायचं. पाणी कोण भरेल, गाईची धार कोण काढेल, मुलांचे डबे कोण करेल, रात्री दवाखान्यात सोबत कोण थांबेल, हे नावानिशी लिहा. नवरा आणि मोठी मुलं यांची नावं त्यात पहिली येऊ द्या. आणि उरलेलं आपण गटातल्या जणी वाटून घेऊ. दहा जणींचा गट असेल तर आठवड्यातून एक दिवसही प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. कर्जाचा हप्ता त्या महिन्यापुरता पुढे ढकलायचा का, तेही बैठकीतच ठरवा.

पुढच्या बैठकीत ही यादी वहीत उतरवून ठेवा: पाच प्रश्न, रक्त, कागद, उपास, सहा आठवड्यांच्या पाळ्या. गटातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं की वही उघडायची आणि तिच्यासोबत बसायचं. डॉक्टरांकडे जाताना तिच्याबरोबर एक जण जायचं, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. दुसरीने ते लिहून घ्यायचं.

तब्येतीला जपा, मैत्रिणींनो. नमस्कार!